ऐटीची काठी

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. एक काठी आहे. आजोबांना टेकायला ती उपयोगाची नाही, कारण ती जेमतेम मांडीपर्यंत पोचते. गुरं हाकायला ती चालत नाही, कारण ती फारच गुळगुळीत नि नाजूक. विटीदांडू खेळायलाही बारीकच. पण हातात घेतली, की भल्याभल्यांची मान ताठ होते आणि चाल बदलते. ओळखा पाहू!

नाही ना ओळखता येत? मलाही आलं नव्हतं. ही काठी मला पहिल्यांदा भेटली ती पुण्याच्या जुन्या बाजारात. तिथून ती मला खडकीला घेऊन गेली, आणि शेवटी माझ्याच वर्गात, माझ्याच टेबलापाशी आणून उभं केलं. त्या फेरफटक्याची ही हकिकत.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला ताईकडे गेले होते. माझा भाचा सातवीत आहे. त्याला जुनी नाणी जमवायचा भारी नाद. रविवारी सकाळी चहा होतो न होतो तोच तो म्हणाला, "मावशी, जुन्या बाजारात येतेस?" ताई आतून ओरडली, "काही आणू नका रे बाबांनो! घरात आधीच पाय ठेवायला जागा नाही."

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेच्या बाजूला, रविवारी आणि बुधवारी भरणारा. रस्त्याच्या कडेला पोती आणि ताडपत्र्या अंथरलेल्या असतात आणि त्यांवर काय नसतं ते विचारा! बंद पडलेली घड्याळं, किल्ल्या हरवलेली कुलुपं, कुलुपं हरवलेल्या किल्ल्या, पितळी दिवे, ग्रामोफोनच्या तबकड्या, गाड्यांचे सुटे भाग, कॅमेरे, अडकित्ते. भाचा नाण्यांच्या ढिगात शिरला. माझं लक्ष मात्र शेजारच्या पोत्यावर गेलं. छत्र्यांच्या जुन्या मुठींमध्ये एक तपकिरी काठी पडली होती. एका टोकाला काळपट पडलेली धातूची गोल मूठ, दुसऱ्या टोकाला धातूचंच छोटंसं टोपण.

"काका, हे काय आहे?" मी विचारलं.

"पोलिसाची काठी आहे ताई. फौजदार काखेत धरतो ना, ती. देवळाली कॅम्पातून माल आलाय. आठशे रुपये."

घासाघीस करून मी ती साडेतीनशेला घेतली. खरं सांगू? का घेतली ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. घरी गेल्यावर ताईनं कपाळावर हात मारला.

दुपारी आम्ही दोघं भिंग घेऊन बसलो. तुम्हीही बसा आमच्याबरोबर. जुनी वस्तू आधी निरखायची असते, लगेच घासूनपुसून चकचकीत करायची नसते. भाचा पितांबरीची पूड आणायला धावला होता, त्याला मी आधी थांबवलं. वर्षानुवर्षांचा काळेपणा धातूवर बसतो, त्याचं त्या वस्तूला एक प्रकारे कवचच असतं. सारखं खसाखसा घासलं की त्याबरोबर मुठीवरची बारीक नक्षीही झिजते, आणि नक्षी गेली की वस्तूचं नावगाव गेलं. आम्ही नुसत्या मऊ कोरड्या कापडानं पुसलं.

पट्टीनं मोजली तर लांबी अडुसष्ट सेंटिमीटर भरली. मुठीवर हळूहळू एक चित्र दिसू लागलं. वर मुकुट, खाली चाकाची तोफ. मध्ये एका फितीवर अक्षरं. भाच्यानं एकेक अक्षर लावलं, "यू, बी, आय, क्यू, यू, ई. मावशी, हे कसलं इंग्रजी?"

ते इंग्रजी नव्हतंच. तो लॅटिन शब्द होता, 'उबिक्वे'. अर्थ 'सर्वत्र'. तोफ, मुकुट आणि 'सर्वत्र' हे बोधवाक्य म्हणजे ब्रिटिशांच्या रॉयल आर्टिलरीचं, म्हणजे तोफखान्याचं चिन्ह. तेव्हा आपली काठी पोलिसाची नव्हतीच. ती होती ब्रिटिश फौजेतली 'स्वॅगर स्टिक'. 'स्वॅगर' म्हणजे ऐटीत, छाती काढून चालणं. म्हणून मी तिचं नाव ठेवलं ऐटीची काठी.

आता या काठीची गंमत ऐका. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्रिटिश फौजेत नुसत्या साहेबाच्याच नव्हे, तर साध्या शिपायाच्या हातातही ही काठी असायची. सुट्टीच्या वेळी गणवेशात छावणीबाहेर फिरायला निघालं, की हातात काठी हवी असा दंडक होता. कशाला? तर हात खिशात जाऊ नयेत म्हणून! हात खिशात घालून, खांदे पाडून चालणारा शिपाई साहेबलोकांना मुळीच खपत नसे. हातात काठी दिली, की हात आपोआप बाहेर राहतात. पहिल्या महायुद्धाच्या काळातले शिपायांचे फोटो कधी पाहिलेत, तर नीट बघा. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यासमोर पोरसवदा शिपाई उभा असतो आणि त्याच्या हातात ही काठी असते. आईला पाठवायचा फोटो, मग ऐट नको का?

अर्थात काठीकाठीत फरक होता. शिपायाची काठी साध्या लाकडाची नाहीतर वेताची आणि मूठ स्वस्त धातूची. साहेबाच्या काठीवर कातडं मढवलेलं, नाहीतर ती उंची मलाक्का वेताची, आणि मूठ चांदीची. मलाक्का वेत सुमात्रा-मलायाच्या बाजूच्या जंगलांत होतो. याची पेरं खूप लांब असतात, त्यामुळे एकही गाठ नसलेली अखंड काठी निघते. रंग तपकिरी आणि त्यावर ठिपके.

मग आपली मूठ चांदीची की कशाची? त्यालाही युक्ती आहे. इंग्लंडात चांदीच्या वस्तूवर सरकारमान्य शिक्के मारण्याची शेकडो वर्षांची रीत आहे. चालणारा सिंह असेल तर चांदी शुद्धतेच्या कसोटीला उतरलेली. नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमला झालेली, आणि बिबट्याचं तोंड असेल तर लंडनला. शिवाय वर्ष कळण्यासाठी एक अक्षर. आम्ही मूठ फिरवून फिरवून पाहिली. सिंह नाही, नांगर नाही, काही नाही. म्हणजे आमची मूठ बहुधा जर्मन सिल्व्हरची. नावात 'सिल्व्हर' असलं, तरी या धातूत चांदी औषधालाही नसते बरं का! तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. भाच्याचं तोंड जरा उतरलं. मला उलट बरं वाटलं. म्हणजे ही काठी एखाद्या साध्या शिपायाची असणार.

वय ओळखायला मुकुट कामाला येतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या चिन्हांवर एका तऱ्हेचा मुकुट आहे. १९०१ साली राणी वारली आणि गादीवर राजे आले, तेव्हा मुकुट गोल घुमटासारखा झाला. तो १९५२ पर्यंत चालला. पुढे एलिझाबेथ राणीच्या काळात वर मधोमध खोलगट असलेला मुकुट आला. २०२२ नंतर राजे तिसरे चार्ल्स यांनी पुन्हा गोल मुकुट घेतलाय, पण आमची काठी काही इतकी नवी दिसत नव्हती. आमच्या तोफेवरचा मुकुट गोल होता. म्हणजे १९०१ ते १९५२ मधली काठी. आणि साध्या शिपायांच्या हातून या काठ्या दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, १९३९ च्या आसपास गेल्या. बघा, एका मुकुटावरून केवढं कळलं!

देवळाली म्हटल्यावर मला आणखी एक आठवलं. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिशांचा मोठा तळ होता. नोकरी संपलेले गोरे शिपाई इंग्लंडला जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथं महिनोन्महिने पडून राहत. उन्हाळा, ताप आणि हाताला काम नाही. काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत 'डुलॅली' असा शब्दच तयार झाला. म्हणजे वेडापिसा, भ्रमिष्ट. आपल्या देवळालीचं नाव असं थेट इंग्रजी कोशात जाऊन बसलं! आजही देवळालीला आपल्या लष्कराची तोफखाना शाळा आहे.

रात्री भाच्यानं विचारलं, "मावशी, या काठीचा मालक कोण असेल?"

ते कळायची सोय नव्हती. काठीवर नाव नव्हतं. पण तोफेचं ते चिन्ह आणखी कुठं पाहायला मिळेल ते मला माहीत होतं. म्हणून सोमवारी सकाळी आम्ही बसनं खडकीला गेलो.

खडकी हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलंय. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई इथंच झाली. पेशव्यांचा पराभव झाला, पुण्यावर इंग्रजांचं निशाण लागलं आणि मग छावण्या उभ्या राहिल्या. म्हणजे ऐटीच्या काठ्या आपल्याकडे आल्या त्या या वाटेनं. काठी आधी नाही येत मुलांनो. आधी तोफ येते, मग काठी.

मुळा रस्त्यावर युद्धातल्या मृतांची दफनभूमी आहे. फाटकातून आत गेलं, की रहदारीचा आवाज मागे पडतो. कापलेलं हिरवं गवत, फुलझाडं, उंच दगडी क्रूस आणि रांगांमागून रांगा पांढऱ्या दगडांच्या. दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ जण इथं विसावले आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी असलेल्या कबरी, त्यांची नीट निगा राहावी म्हणून इथं आणल्या गेल्या. पहिल्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या आणखी १,८०० हून अधिक जणांचं स्मारकही इथंच आहे.

प्रत्येक दगडावर पलटणीचं चिन्ह कोरलेलं असतं. भाचा एकेक रांग बघत पुढे चालला होता. एकदम थांबला आणि हळूच हाक मारली, "मावशी, आपली तोफ!"

खरंच तीच. तोच मुकुट, तीच चाकाची तोफ, तोच 'सर्वत्र'. खाली नाव, क्रमांक, मृत्यूची तारीख आणि वय. वय होतं एकवीस. तो तोफखान्यातला अगदी खालच्या पायरीचा शिपाई होता. अगदी खाली त्याच्या घरच्यांनी कोरून घेतलेली दोन शब्दांची ओळ. आमची काठी त्याचीच होती असं मी म्हणणार नाही. पण अशाच कुणा मुलाची असेल. आपलं घर हजारो मैलांवर टाकून आलेला मुलगा. त्याला इथं राज्य करायचं होतं की नोकरी करून घरी चार पैसे पाठवायचे होते, कोण जाणे.

भाचा पुढे गेला आणि परत आला. "मावशी, एक गंमत लक्षात आली का? तिकडे एक कॅप्टन आहे आणि हा साधा शिपाई. पण दोघांचे दगड सारखेच. मोठ्या साहेबाला मोठा दगड नाही."

माझ्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्या आलं! मी नंतर वाचलं, तर हा नियमच आहे. या दफनभूमींची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगानं सुरुवातीलाच ठरवलं होतं, की हुद्द्याप्रमाणे लहानमोठा दगड करायचा नाही. जिवंतपणी एकाच्या काठीला चांदीची मूठ आणि दुसऱ्याच्या काठीला जर्मन सिल्व्हरची. इथं मात्र काठ्या संपल्या होत्या.

परत येताना बसमध्ये भाच्यानं असा प्रश्न विचारला, की मी गप्पच झाले. "मावशी, या काठ्या घेऊन त्यांनी आपल्यावर राज्य केलं ना? मग आपण ही जपायची कशाला? मोडून टाकूया की!"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली फार जुनी. या काठीचं मूळ शोधत शोधत काही जण पार रोमन साम्राज्यापर्यंत जातात. तिथं शंभर शिपायांवरच्या नायकाच्या हातात द्राक्षवेलीची काठी असे. ती नुसती ऐटीची नव्हती, मारायचीही होती. रोमन इतिहासकार टॅसिटस यानं अशा एका नायकाची हकिकत लिहून ठेवली आहे. तो शिपायाच्या पाठीवर काठी मोडेपर्यंत मारायचा आणि मोडली की ओरडायचा, दुसरी आणा! शिपायांनी त्याचं नावच पाडलं 'दुसरी आणा'. इ.स. १४ मध्ये त्या फौजेनं बंड केलं, तेव्हा शिपायांनी त्याला ठार मारलं. पाठीवरचे वळ कुणी विसरत नाही.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. इंग्रज १९४७ साली गेले, पण अधिकाऱ्यांनी हातात दंडुका बाळगण्याची त्यांची पद्धत आपल्याकडे राहिली. जुलै २०२३ मध्ये भारतीय नौदलानं ती बंद केली. हा गुलामीच्या काळातला वारसा आहे, तो आता नको असं ठरलं. पण गंमत पाहा, नौदलानं दंडुके मोडून नाही टाकले. प्रत्येक तुकडीच्या प्रमुखाच्या कार्यालयात एक दंडुका ठेवायचा, आणि प्रमुख बदलला की कार्यालयातच तो नव्या प्रमुखाच्या हाती द्यायचा, एवढंच. मिरवायचा नाही.

"म्हणजे ठेवायची, पण हातात नाही घ्यायची," भाचा म्हणाला.

मी हो म्हटलं, पण माझ्या मनात तिसरी गोष्ट चालली होती. ती मी त्याला सांगितली नाही. तुम्हाला सांगते.

मी डी.एड. होऊन नोकरीला लागले, तेव्हा माझ्या टेबलावर एक छडी असायची. वेताचीच. मारायची नाही हे मला माहीत होतं. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला होता आणि त्यात मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला साफ मनाई आहे. मी कधी मारलंही नाही. नुसती धाकापुरती, नकाशा दाखवायला, फळ्यावर बोट फिरवण्याऐवजी. आणि खोटं कशाला बोलू, हातात असली की मलाही जरा मोठं झाल्यासारखं वाटायचं. ऐट हो, दुसरं काय!

एक दिवस मी नकाशावर सातारा दाखवायला छडी उचलली. पहिल्या बाकावरच्या एका मुलानं डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केला. तळहात वर. मी त्याला काही म्हटलं नव्हतं, तो चुकलाही नव्हता. छडी वर गेली, एवढंच त्यानं पाहिलं होतं. सगळा वर्ग शांत झाला. मी तो हात धरून खाली केला आणि म्हटलं, "अरे, सातारा बघतोयस ना?" त्यानं एक डोळा उघडून बघितलं.

त्या दिवसापासून मी नकाशा बोटानं दाखवते. पण खडकीहून परत येताना मला तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा पुन्हा दिसला. काठी कुणाच्या हातात आहे यावरून ऐट ठरते. काठी कुणासमोर आहे यावरून भीती ठरते. काठी मात्र तीच.

म्हणून ती ऐटीची काठी मी शाळेत आणली. कपाटात काचेमागे आडवी ठेवली आहे. उभी नाही, आडवी. सगळ्या मुलांनी ती हातात घेऊन पाहिली, ऐटीत चालूनही पाहिलं. हसून हसून पुरेवाट झाली! मग त्यांनीच तिच्यासाठी चिठ्ठी लिहिली, 'ब्रिटिश तोफखान्यातील शिपायाची काठी. काळ १९०१ नंतरचा. लांबी ६८ सें.मी. मालक माहीत नाही.' त्या मुलानं, आता तो बराच मोठा झालाय, एकदा शाळेत येऊन ही काठी बघितली. म्हणाला, "बाई, हिच्यानं मारत होते का?" मी म्हटलं, "हिच्यानं मारलं का ते माहीत नाही. पण आता कुणी मारणार नाही."

अशा काठ्या जमवणारे लोक जगभर आहेत. कुणी फक्त चांदीच्या मुठी जमवतात, कुणी एकाच पलटणीच्या. पहिल्या महायुद्धात शिपायांनी फावल्या वेळात बंदुकीच्या रिकाम्या काडतुसांची टोकं बसवून घरी बनवल्यासारख्या काठ्या केल्या, त्याही जमवणारे आहेत. पण तुम्हाला एक सुचवू? पैसे खर्च करायला जाऊ नका. आधी घरात शोधा. माळ्यावर, देवघराच्या मागे, पणजोबांच्या ट्रंकेत काय आहे ते आजी-आजोबांना विचारा. जे सापडेल ते घासू नका, वॉर्निश लावू नका, ओलाव्यापासून आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून जपा. मोजा, चित्र काढा आणि कुणाकडून आलं ते कागदावर लिहून ठेवा. मोठ्यांसाठी एक सूचना. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, असा १९७२ चा कायदा आहे.

आणि आणखी एक काम करा. १९१४ च्या महायुद्धात आपल्याकडच्याही कितीतरी खेड्यांतली माणसं गेली. मराठा पलटणी तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढल्या. या गावातून इतके गेले आणि इतके परत आले नाहीत, अशा दगडी पाट्या तेव्हाच्या सरकारनं अनेक गावांत बसवल्या. तुमच्या चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत अशी पाटी आहे का ते पाहा. त्यावर नावं नसतील, नुसते आकडे असतील. ती नावं अजून कुणाच्या तरी आजीला आठवत असतील.

ती विचारून घ्या, आणि लिहून ठेवा. घाई करा मात्र, कारण काठी काचेमागे टिकते, आठवण नाही टिकत.